डोळे टीव्हीत, हात कामात

मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीने एक निबंध हमखास लिहिलेला आहे. ‘दूरदर्शन : शाप की वरदान?’ सहामाहीला लिहिला, वार्षिकला लिहिला, वक्तृत्व स्पर्धेत हातवारे करून म्हटलासुद्धा. त्याचा साचा ठरलेला असायचा. आधी वरदानाचे चार मुद्दे, मग शापाचे चार, आणि शेवटी ‘अति तेथे माती’ लिहून मोकळं व्हायचं. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मैदानं ओस पडतात, आल्यागेल्याशी कोणी धड बोलत नाही. मुद्दे खोटे नव्हते. पण ते फळ्यावरून उतरवलेले होते, आमच्या घरातून आलेले नव्हते.

घरातलं उत्तर वेगळं होतं आणि ते आता लिहून ठेवावंसं वाटतं. मोकळ्या वेळात टीव्ही बघणं हा वेळेचा चांगला उपयोग होता का? आमच्या वाड्यापुरतं विचाराल तर होता, अगदी ठामपणे होता. मात्र तो कुणाच्या घरी बघायचो, किती वेळ बघायचो, शेजारी कोण बसलेलं असायचं आणि बघताना हातांत काय असायचं, हे सांगितल्याशिवाय त्या ‘होता’ला अर्थ नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपणाचा मनोरा उभा राहिला आणि मुंबईहून निघालेलं चित्र पुण्याच्या पेठांत येऊन पोचलं. ज्या गडावर आम्ही पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला जायचो, त्याच गडाकडे तोंड करून हळूहळू घरोघरचे अँटेना उभे राहायला लागले. तेव्हा पेठेतल्या कुठल्याही गच्चीवर चढलं तरी सगळे अँटेना एकाच दिशेला वळलेले दिसत. नव्याने राहायला आलेल्या माणसाला सिंहगड कुठे आहे हे विचारावं लागत नसे.

वाड्यात पंधराएक बिऱ्हाडं आणि टीव्ही एक. तो माडीवरच्या, बँकेत नोकरीला असलेल्या काकांकडे आला. चार पायांचा, लाकडी पेटीचा, पुढे सरकत्या पट्ट्यांची दारं आणि त्या दारांना चक्क कुलूप. किल्ली काकूंच्या कनवटीला. टीव्ही घ्यायचा म्हणजे साधी खरेदी नव्हती. पैसे साठवायचे, ओळखीतल्या कुणीतरी ‘हा घ्या, तो नको’ म्हणायचं, मग नंबर लावायचा. शिवाय लायसन्स. रेडिओला असायचं तसं टीव्हीलाही लायसन्स असायचं आणि त्याचे पैसे पोस्टात जाऊन भरावे लागायचे. ते पुढे ऐंशीच्या दशकात बंद झालं. काका दर वर्षी त्या पुस्तकावर शिक्का मारून आणत आणि पुस्तक देवघराच्या खणात ठेवत, घरभाड्याच्या पावत्यांबरोबर.

टीव्ही आला त्या दिवशी काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. आठवड्याभरात त्याच्यासाठी दसुतीचं, टाके घालून भरलेलं, झालर लावलेलं कव्हर तयार झालं. ते वाड्यातल्या तिघीजणींनी मिळून भरलं होतं. त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी, मान हलवणारी बाहुली आणि लग्नातला फोटो. घरात वस्तू आली की तिला कपडे शिवायचे, ही तेव्हाची रीत होती. रेडिओला होतं, शिवणयंत्राला होतं, टीव्हीला का नको?

आणि मग तो अँटेना. तो कौलांवर, लोखंडी नळीला तारांनी ताणून बांधलेला. वादळ आलं की फिरायचा, मांजा अडकला की वाकायचा, कावळा बसला तरी चित्र थरथरायचं. दुरुस्तीला तीन माणसं लागत. एक कौलांवर, एक माडीच्या खिडकीत, एक टीव्हीसमोर.

‘आलं का?’

‘नाही!’

‘आता?’

‘मुंग्याच आहेत!’

‘आता बघा!’

‘आलं, आलं, आलं... गेलं!’

हा संवाद महाराष्ट्रातल्या कुठल्या आळीत झाला नसेल? खिडकीतल्या माणसाचं काम सर्वांत जबाबदारीचं. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत पोचवायचं, आणि ‘आलं’ म्हणायला उशीर करायचा नाही. आमच्याकडे हे काम तात्यांचं होतं. त्यांचा आवाज खणखणीत होता आणि सांगण्यात घोळ नसे. चित्र आलं की कौलांवरचा दादा तारेला शेवटचा पीळ द्यायचा, आणि मग सगळ्यांनी श्वास रोखून पाच मिनिटं नुसतं बघायचं. काय लागलंय याला महत्त्व नसे. स्वच्छ दिसतंय, एवढंच पुरे.

आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तो टीव्ही संध्याकाळी उघडायचा आणि रात्री मिटायचा. सुरुवातीला ती वर्तुळात फिरणारी चिन्हं आणि सनईचे सूर, आणि शेवटच्या बातम्या संपल्या की निरोप. त्यानंतर पडद्यावर फक्त मुंग्या. मधल्या त्या तीन-चार तासांतसुद्धा सगळं बघायचं नसे. कारण प्रत्येक वाराचं काहीतरी ठरलेलं होतं. गुरुवारी छायागीत. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट. रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट. कधी गजरा, कधी किलबिल, कधी फूल खिले हैं गुलशन गुलशन आणि तबस्सुमचं ते मोकळं हसणं. पुढच्या आठवड्यात काय काय आहे ते साप्ताहिकीत सांगत, आणि आमच्याकडे मोठी ताई ते भराभर वहीत लिहून घ्यायची. ती वही म्हणजे वाड्याची सामाईक मालमत्ता. लग्नाची बोलणी, डोहाळजेवण, सत्यनारायण, सगळ्यांची वेळ ठरवण्याआधी ताईच्या वहीत डोकावलं जायचं. चिमणराव लागायचे त्या वेळी कुणी पूजा ठेवली तर भटजीच सुचवायचे, थोडं अलीकडे घेऊ या.

चि. वि. जोश्यांचा चिमणराव आमच्या आजोबांनी वाचलेला होता. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी तो आणि त्याचा सोबती गुंड्याभाऊ दारात आणून उभे केले. आजोबा काठी टेकत माडी चढून यायचे, आणि गुंड्याभाऊ दिसले की काठी आपटून म्हणायचे, ‘अस्साच होता तो!’ पुस्तकातला माणूस पहिल्यांदा डोळ्यांनी दिसावा, आणि तोही मनात होता तसाच, हा आनंद आजोबांना पंचाहत्तरी उलटल्यावर मिळाला.

बसण्याची जागा ठरलेली असायची. सगळ्यात पुढे जमिनीवर आम्ही मुलं, मांडी घालून, एकमेकांच्या पाठीला गुडघे लावून. ‘मागे सरका, डोळे जातील’ हे वाक्य दर दहा मिनिटांनी. आमच्या मागे सतरंजीवर बायका. भिंतीला टेकून आज्या. खाटेवर आणि दोन खुर्च्यांवर पुरुषमंडळी. उंबऱ्यात, जिन्याच्या वरच्या पायरीवर आणि खिडकीच्या गजांना धरून उरलेले. खिडकीतल्या मुलांना अर्धाच पडदा दिसायचा, बाकीचा अर्धा आतली मुलं सांगायची. दारात चपलांचा ढीग. निघताना दोन वेगवेगळ्या चपला घालून घरी गेलेलं पोर दर आठवड्याला निघायचंच.

आणि इथेच ती गोष्ट येते जी आमच्या निबंधात कधी आली नाही. डोळे टीव्हीत, हात कामात.

त्या खोलीत रिकामे हात दिसायचे नाहीत. काकूंच्या मांडीवर परात आणि परातीत निवडायचे तांदूळ. शेजारच्या माईंकडे मटार, म्हणजे सोलायचे सगळ्यांनी आणि दाणे माईंचे. मोठ्या वहिनींचं विणकाम, दोन सुलट दोन उलट, पडद्यावरची नजर न काढता. आज्या वाती वळत. फुलवाती, समईच्या वाती, कापूस पिंजत पिंजत. चातुर्मासातल्या लक्ष वाती एका आजींनी बातम्या, छायागीत आणि ज्ञानदीप यांच्या साथीने पुऱ्या केल्या. मेथी निवडणं, गवार मोडणं, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, उसवलेली शिवण घालणं, सुटलेलं बटण लावणं, गोधडीचे टाके. जून महिन्यात वह्या-पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची, त्यात पुरुषही आले. कुणाच्या पुस्तकाला कोण कव्हर घालतंय हे बघायची पद्धत नव्हती. ढीग मध्ये असायचा, हाताला येईल ते पुस्तक घ्यायचं.

तेव्हा कुणी विचारलं असतं की तुम्ही फावल्या वेळात टीव्ही बघता का, तर त्या बायकांना प्रश्नच कळला नसता. फावला वेळ त्यांच्याकडे नव्हताच. कामाचाच वेळ होता आणि त्याला सोबत मिळाली होती. जे तांदूळ त्या एकट्याने, अंधाऱ्या स्वयंपाकघरात, चाळिसाच्या दिव्याखाली निवडत होत्या, तेच आता चारचौघींत, हसत, डोळे पुसत निवडत होत्या. मला वाटतं, टीव्हीने आमच्या आयांना जे दिलं त्याची नीट नोंद कुणी केलेली नाही.

आज्यांना काय दिलं, तेही सांगितलंच पाहिजे. आमच्या वाड्यात दोन आज्या लहानपणीच विधवा झालेल्या होत्या. सगळं आयुष्य सोवळ्यात, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात गेलं. नाटक, सिनेमा, गाण्याची बैठक, यांतलं काहीही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ‘आपल्यासारख्यांनी जायचं नसतं’ एवढंच ऐकलेलं. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली पुण्यातच उभं राहिलं, पण त्यांच्यासाठी ते काशीइतकं लांब. त्या आज्यांनी टीव्हीवर पहिल्यांदा नाटक पाहिलं. गवयाने तान घेताना चेहरा कसा होतो ते पाहिलं. नाच पाहिला, समुद्र पाहिला, बर्फाचे डोंगर पाहिले. त्यांतली एक, आम्ही तिला बयाआजी म्हणत असू, गाण्याचा कार्यक्रम लागला की पदर सारखा करून ताठ बसायची, गवयासमोर प्रत्यक्ष बसल्यासारखी. मैफल संपली की नमस्कार करायची. वयाच्या सत्तरीत तिने ठरवलं की तिला यमन आवडतो. त्याआधी आपल्याला काय आवडतं हे तिला कुणी विचारलं नव्हतं. एवढं एकच उदाहरण माझ्याकडे असतं तरी मी त्या निबंधाचा निकाल वरदानाच्या बाजूने दिला असता.

शेतीचा कार्यक्रम लागायचा, ‘आमची माती, आमची माणसं’. पेठेत शेत कुणाचं? तरी बघायचे. तात्यांचा गावी जमिनीचा तुकडा होता, भावाने कसलेला. ते खतांचे आणि फवारणीचे तपशील पोस्टकार्डावर लिहून गावी धाडायचे. खालच्या मजल्यावरच्या अण्णांकडे तीन कुंड्या होत्या. त्यांच्या गुलाबावरचा मावा त्याच कार्यक्रमातल्या सल्ल्याने गेला. आकाशानंदांचं ज्ञानदीप तर नुसतं बघून संपणारं नव्हतं. त्यातून गावोगावी ज्ञानदीप मंडळं उभी राहिली, बघणारी माणसं उठून कामाला लागली. टीव्हीसमोर बसलं की माणूस आळशी होतो, असं म्हणणाऱ्यांना त्या मंडळांची आठवण करून द्यावीशी वाटते.

साडेसातच्या बातम्या म्हणजे शिस्त. प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे. स्मिता पाटील चित्रपटात गेली तेव्हा आमच्या वाड्याला आपल्या घरातलीच मुलगी नाव काढतेय असं वाटलं होतं, कारण ती आधी बातम्या सांगायला आमच्याकडे येत होती. हे लोक जसे बोलत तसं बोलायचं, अशी घरात सक्ती नव्हती, पण आम्ही आपोआप तसे बोलायला लागलो. ‘न’ आणि ‘ण’ कुठे, ‘श’ आणि ‘ष’ कुठे, वाक्य कुठे थांबवायचं. अण्णा बातम्यांच्या वेळी कुणाला बोलू देत नसत. बातम्या संपल्या की मात्र वाडा तासभर बोलायचा, आणि त्यात निवेदिकेच्या साडीचा काठ हा विषयही आणीबाणीइतक्याच गांभीर्याने घेतला जायचा.

टीव्ही आजारी पडायचा. चित्र वरून खाली पळायला लागायचं, मधोमध काळा पट्टा यायचा, माणसं शेवयांसारखी लांब व्हायची. पहिला उपाय म्हणजे डोक्यावर थाप. कुणाच्या थापेने बरा होतो हेही ठरलेलं असायचं. आमच्याकडे धाकट्या काकांची थाप लागू पडे. दुसरा उपाय, मागची बटणं हळूच फिरवणं. तिसरा, स्टॅबिलायझर बंद करून पुन्हा लावणं. मग शेवटी मेकॅनिक. तो कातडी पिशवी घेऊन यायचा, मागचं झाकण उघडायचा आणि आम्ही सगळे त्या आतल्या धुळकट गावाकडे बघत उभे. ‘पिक्चर ट्यूब गेली’ असं म्हणाला तर काकूंच्या तोंडचं पाणी पळायचं. ‘नुसती धूळ आहे’ म्हणाला की लगेच चहा. फेकून द्या असं तो कधीही म्हणाला नाही. त्या काळी दुरुस्त होत नाही अशी वस्तूच नसायची, वेळ लागतो अशी असायची.

रंगीत चित्र १९८२ साली, दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने आलं. आमच्याकडे आलं ते पडद्यावर लावायच्या काचेवरून. वर निळी, मध्ये तांबूस, खाली हिरवी. आकाश निळं, गवत हिरवं, हे जमायचं. पण माणूस जवळून दाखवला की त्याचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी. तरी आम्हाला ते फार आवडायचं. पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचो.

२५ जून १९८३ ची रात्र वाड्यातल्या कुणालाही विचारा. लॉर्ड्सवरचा सामना, आपल्या १८३ धावा, समोर वेस्ट इंडीज. निम्मे लोक आधीच निराश. रिचर्ड्स मारत सुटला तेव्हा अण्णा उठून गॅलरीत गेले. मदनलालच्या चेंडूवर कपिल मागे मागे धावत गेला, तो झेल त्यांचा हुकला. पुढे वेस्ट इंडीजचे सगळे १४० धावांत बाद झाले, आपण ४३ धावांनी जिंकलो, तोवर अण्णा गॅलरीतच. कारण वाड्याने एकमुखाने ठरवलं होतं की ते बाहेर गेल्यावर विकेट पडली, तर आता त्यांनी आत यायचं नाही. चौकात रात्री साखर वाटली. त्याच रात्री झोपमोड झालेल्या तान्ह्या बाळाचं नाव पुढे कपिल ठेवलं गेलं.

आणि पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर. इंदिरा गांधींचा अंत्यसंस्कार सगळ्यांनी मिळून पाहिला. त्या दिवशी मात्र सगळे हात रिकामे होते. ज्यांनी त्यांना कडाडून विरोध केला तेही आणि ज्यांनी मतं दिली तेही एकाच सतरंजीवर, डोळे पुसत. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी दोन भांडलेली बिऱ्हाडंसुद्धा त्या दिवशी आली होती.

१९८४ च्या जुलैत ‘हम लोग’ सुरू झालं आणि भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन समजुतीच्या चार गोष्टी सांगायला लागले. बडकीचं लग्न व्हावं म्हणून आमच्या बयाआजीने गणपतीला नवस बोलला होता. मग ‘बुनियाद’, मग ‘नुक्कड’, ‘मालगुडी डेज’. १९८८ साली श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’. ती बघताना आमच्यापैकी पुष्कळांना इतिहास हा सनावळ्यांपलीकडचा विषय आहे हे प्रथम कळलं.

रामायणाबद्दल मी थोडंच सांगते, कारण ते सगळ्यांनाच पाठ आहे. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारची सकाळ बदलली. आंघोळी उरकून, टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून बसायचं. रस्ते सुनसान. दुकानांच्या फळ्या अर्ध्या. एव्हाना वाड्यात पाच-सहा टीव्ही झाले होते, पण रामायण माडीवरच बघायचं. लढाई सुरू झाल्यावर आम्हा मुलांच्या खराट्याच्या काड्या बाण झाल्या आणि आयांना झाडायला खराटा उरेना. महाभारत २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं. त्यातला कृष्ण नितीश भारद्वाज, म्हणजे मराठी मुलगा, याचं कौतुक तर फारच. आजोबांना रामायण पाठ होतं, त्यामुळे दर भागानंतर ते ‘मूळ पोथीत असं आहे’ म्हणून अर्धा तास सांगायचे. टीव्ही बंद करून, सगळ्यांना तिथेच बसवून. आणि आम्ही बसायचो.

या सगळ्याची किंमतही होती, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. दिवेलागणीचा परवचा हळूहळू मागे पडला. शुभंकरोति म्हणायचो, पण एक कान माडीकडे लावून. पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी ही आमच्या पिढीबरोबर संपली. ओट्यावरच्या गप्पा संपल्या. जेवणाची पंगत दोन घासांत आटपायला लागली. आणि माडीवरच्या काका-काकूंनी जे सोसलं ते आम्हाला मोठेपणी, स्वतःची घरं झाल्यावर कळलं. वर्षानुवर्षं त्यांच्या घरात संध्याकाळ अशी त्यांची राहिलीच नाही. पाहुणा आला तरी चाळीस माणसं, ताप आला तरी चाळीस माणसं. काकूंनी कुणाला ‘आज नको’ म्हटल्याचं आठवत नाही. रविवारच्या सिनेमाला काही घरी दहा पैसे, चार आणे घेतात असं ऐकू यायचं. काकूंनी मात्र उलट पाण्याचा माठ भरून ठेवायला सुरुवात केली.

फक्त एक वर्ष सोडून. त्यांची मुलगी दहावीला होती. जूनमध्येच काकूंनी सरकतं दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली. त्या वर्षी वाड्यातलं एकही मूल माडी चढून गेलं नाही. कुणी रागावलं नाही, कुणी मागे बोललं नाही. उलट संध्याकाळी चौकात दंगा झाला तर आयाच ओरडायच्या, वर अभ्यास चाललाय. परीक्षा संपली त्या गुरुवारी कुलूप उघडलं, आणि छायागीताला सगळा वाडा हजर. माझ्या मते टीव्हीबद्दलचं सगळं शहाणपण त्या कुलपात होतं. तो बंद करता येत होता, आणि त्यामुळे उघडण्यात आनंद होता.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. नव्वदीनंतर गल्लीतून केबलच्या तारा आल्या, वाहिन्या वाढल्या, रिमोट आला. वाडा पाडला, तिथे इमारत झाली. प्रत्येकाला आपलं दार मिळालं, आपला संडास मिळाला, आपला टीव्ही मिळाला. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी आमच्या आया किती झुरल्या होत्या हे ज्यांनी पाहिलंय ते त्या जुन्या वाड्याकडे परत चला असं म्हणणार नाहीत. वाडा पाडताना माडीवरचा तो पहिला टीव्हीही निघाला. कितीतरी वर्षं तो नुसता कव्हर घालून उभा होता. त्याची सरकती दारं एका बिऱ्हाडाने देवघराला लावली. लाकडी पेटीचं पुस्तकांचं मांडणं झालं. अँटेनाच्या नळ्या पडद्यांना गेल्या आणि ती चपटी वायर नव्या गॅलरीत कपडे वाळत घालायला. ती अजून तुटलेली नाही.

आता घरोघरी मुलं म्हणतात, आम्ही टीव्ही बघतच नाही. हातातल्या फोनवर बघतात, कानात घालून, आपलं आपलं. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांच्यासमोर जे आलंय त्याला निरोपाची वेळच नाही, एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं. पण त्यांनी काय पाहिलं ते विचारलं तर सांगता येत नाही, आणि सोबतीला कुणी नसल्यामुळे विचारणारंही कुणी नसतं, याचं मनापासून वाईट वाटतं. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवलं तेव्हा काही दिवस घरातले सगळे एका खोलीत आले होते. नातवंडांनी वानरसेनेचे मुखवटे पाहून प्रश्न विचारले, आजोबांच्या पिढीने उत्तरं दिली, आणि समोर शेंगांचं सूप आपोआप आलं.

मोठ्या वहिनी आता ऐंशीच्या घरात आहेत. विणकाम थांबलंय, पण रात्रीची मालिका बघताना पुढ्यात मेथीची जुडी असतेच. तीच मालिका त्याच वेळी इंदूरला त्यांच्या वन्सं बघतात. त्यांच्याही पुढ्यात काहीतरी निवडायला असणार, खात्री आहे. जाहिरात लागली की वहिनी आवाज बंद करतात आणि फोन लावतात. ‘वन्सं, बघितलंत का त्या सुनेचं?’ मालिका वीस मिनिटांची आणि बोलणं पाऊण तासाचं. सुनेवरून गाडी घरच्या सुनांवर, तिथून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून माडीवरच्या काकूंवर आणि छायागीतावर. काल वाद रंगला होता तो कुलूप उघडलं त्या गुरुवारचा. वन्सं म्हणतात, त्या दिवशी मध्येच लाइट गेले होते. वहिनी म्हणतात, मुळीच नाही, मी चार ओंजळी मटार सोलले त्या दिवशी, अंधारात सोलले का? आज पुन्हा फोन होणार आहे. वहिनींनी सकाळीच बाजारातून मेथीच्या दोन जुड्या मागवून ठेवल्यात.